चार्जर लावलाय, लाईट आहे, पण बॅटरी चढतच नाही

तापीकाठ · सोमवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. इथे केळीच्या बोर्डभावापासून कानबाईच्या रोटांपर्यंत सगळ्यावर धागे निघतात, म्हणून म्हटलं माझंही रडगाणं टाकून बघावं.

माझं यावल तालुक्यात ऑनलाइन फॉर्मचं छोटं दुकान आहे. पत्र्याचं शेड, एक टेबल, एक प्रिंटर आणि पाच वर्षांचा एक लॅपटॉप. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर धागा "मी तर आधीच सांगत होतो, ती कंपनी घेऊ नका" याच्यावर जातो. चार्जरची पिन गोल आहे, मधोमध सुईसारखी बारीक काडी आहे.

प्रॉब्लेम असा: चार्जर लावला की लॅपटॉप चालतो. पण बॅटरीच्या चित्रावर "प्लग्ड इन, नॉट चार्जिंग" असं येतं. लाईट गेली की बॅटरी जेवढी उतरायची तेवढी उतरते आणि परत चढत नाही. मागच्या सोमवारी १०० होती, बुधवारी ६२, शनिवारी ३१, आज ९ टक्क्यांवर आलेय. माझ्याकडे इन्व्हर्टर नाही, ही बॅटरी हाच माझा इन्व्हर्टर. अर्धा फॉर्म भरून झाला आणि लाईट गेली की समोरचा शेतकरी माझ्याकडे असं बघतो जसं काही मीच खांबावर चढून वायर काढली.

तालुक्याला एका दुकानात दाखवला. त्यांनी मीटर लावून चार्जर बघितला, १९ व्होल्ट येतात म्हणाले, म्हणजे चार्जर ओके, मदरबोर्ड गेला. नऊ हजार. बॅटरी बदलायची तर ती वेगळी.

अजून एक, कदाचित याच्याशी संबंध नसेल: लॅपटॉप हल्ली फार हळू चालतो. गंमत म्हणजे लाईट गेल्यावर भराभर पळतो आणि लाईट आली की रांगायला लागतो. नऊ हजार घालायच्या आधी काही बघता येईल का?

कळण्याची_भाकरी · सोमवार, रात्री ९.५२

ताई, कसाले इतला डोकं लावतस? नवा चार्जर ली टाका नि मोकया व्हई जा.

पुण्याचा_खान्देशी · सोमवार, रात्री १०.१५

भाकरी, प्रत्येक धाग्यावर तुझं हेच. परवा मोटारीच्या धाग्यावर पण "नवी ली टाका" लिहून आलास.

ताई, पैसे न घालता करायच्या गोष्टी आधी. एक, लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा, पॉवरचं बटण तीस सेकंद दाबून धरा, मग चार्जर लावून चालू करा. आत अडकून राहिलेलं उरलंसुरलं करंट निघून जातं आणि चार्जिंग सांभाळणारी चिप पहिल्यापासून सुरू होते. बऱ्याचदा एवढ्यावरच भागतं. दोन, डिव्हाइस मॅनेजरमध्ये बॅटरीजखाली "एसीपीआय कंप्लायंट कंट्रोल मेथड बॅटरी" असं लांबलचक नाव दिसेल, ते अनइन्स्टॉल करून रीस्टार्ट करा, विंडोज आपोआप परत टाकतं. घाबरू नका, बॅटरीला काही होत नाही.

पण माझा खरा संशय उन्हावर आहे. लिथियम बॅटरी साधारण शून्य ते पंचेचाळीस अंशांच्या दरम्यानच चार्ज करायची असते. त्याच्या वर गेली की आतलं सर्किट स्वतःहून चार्जिंग थांबवतं, वापरायला मात्र देतं. मे महिना, आपल्याकडे बाहेरच ४४-४५, वर पत्रा आणि लॅपटॉपची स्वतःची उष्णता वेगळी. बॅटरी पन्नासच्या पुढे सहज गेली असणार. पुण्यात बसून मला इथे घाम फुटलाय.

जंक्शन · सोमवार, रात्री १०.४०

पुण्यात कसला घाम येतो रे. इकडे ये भुसावळला.

ताई, माझी ३१ वर्षं रेल्वेत इलेक्ट्रिककडे गेली, म्हणून मी आधी भिंतीतलं बघतो, मग टेबलावरचं. तुमच्या दुकानात व्होल्टेज किती येतं? चार्जरच्या पाठीवर "इनपुट १००-२४०" छापलेलं असतं, म्हणजे कमी दाबाची त्याला फिकीर नाही, दीडशेलाही तो चालेल. भीती जास्तीची. डीपीवर न्यूट्रल ढिली झाली की घराघरात २३० च्या जागी तीनशे-साडेतीनशे शिरतात. एकीकडे बल्ब फुटतात आणि शेजारच्या आळीत पंखा हळू फिरतो. हे लक्षण कधी दिसलं असेल तर चार्जर त्यातच आजारी पडलेला असू शकतो.

आणि बोर्डाचं अर्थिंग बघून घ्या. लॅपटॉपच्या पत्र्याला हात लावला की झिणझिण्या येतात का? तीन पिनचा प्लग दोन पिनच्या सॉकेटमध्ये कोंबला असेल तर येतात. त्याने बॅटरी अडत नाही, पण सवय वाईट.

सातपुडा_पायथा · मंगळवार, सकाळी ७.०५

नमस्कार. शहाद्याहून. शाळेचा लॅपटॉप माझ्याकडे असतो, लेनोवोचा. त्याचंही हेच दुखणं. ६० टक्क्यांवर येतो आणि थांबतो. रात्रभर लावून ठेवला तरी ६०. माझाही मदरबोर्ड गेला का? शाळेच्या खात्यात नऊ हजार नाहीत, नऊशे पण नाहीत.

पुण्याचा_खान्देशी · मंगळवार, सकाळी ७.३०

गुरुजी, तुमचं काहीही गेलेलं नाही. बॅटरी बरोबर ठरलेल्या आकड्याला थांबत असेल, ५५-६०ला किंवा ८०ला, तर ती सेटिंग असते. लेनोवोच्या व्हँटेज ॲपमध्ये पॉवरखाली "कन्झर्व्हेशन मोड" असतो, तो कुणीतरी चालू केलाय. बंद केला की १०० पर्यंत जाईल. असूसमध्येही अशीच ६० आणि ८० ची सोय असते. कायम प्लगला लावून वापरणाऱ्यांची बॅटरी जास्त टिकावी म्हणून ही सोय आहे. तुमच्याकडे लाईट जास्त जात असेल तर बंद करा, नाहीतर आहे तशी ठेवा, तब्येतीला चांगली.

सातपुडा_पायथा · मंगळवार, सकाळी ८.१२

सापडलं! आठवीच्या पोरांनी केलेलं निघालं. "सर, त्यात पान होतं हिरवं, म्हणून चालू केलं." तुमचे आभार. ताईंचा धागा मध्येच पळवला, क्षमस्व.

तापीकाठ · मंगळवार, दुपारी २.३०

गुरुजी, क्षमा कसली. पण तुमचं सुटलं आणि माझं तसंच, याचा थोडा राग आला हे खरं.

तीस सेकंद बटण दाबलं: फरक नाही. बॅटरी अनइन्स्टॉल करून रीस्टार्ट: फरक नाही. व्होल्टेज शेजारच्या वायरमनदादांकडून मोजून घेतलं, २३८. बल्ब वगैरे काही फुटलेलं नाही. सॉकेट तीन पिनचंच आहे, झिणझिण्या नाहीत.

उन्हाचं पटलं होतं. आत्ता हे मोबाईलवरून लिहितेय तर पत्र्याखाली बसवत नाही. कूलर लॅपटॉपकडे तोंड करून ठेवलाय.

जंक्शन · मंगळवार, दुपारी २.५०

कूलरचं तोंड फिरवा आधी! वाळ्यातून येणारी ती हवा ओली असते. जिथे थेंब उडतात तिथे लॅपटॉप ठेवायचा नसतो. एका आजाराचे दोन करू नका.

पुण्याचा_खान्देशी · मंगळवार, दुपारी ३.१०

काका बरोबर बोलले. ऊन आहे की नाही याची परीक्षा सोपी आहे. रात्री लॅपटॉप पूर्ण बंद करून ओट्यावर मोकळ्या हवेत ठेवा, पहाटे साडेपाचला बंद असतानाच चार्जर लावा. तेव्हा बॅटरी गार असणार. चढली तर ऊनच. नाही चढली तर माझा अंदाज चुकला.

शिवाय कमांड प्रॉम्प्ट उघडून पॉवरसीएफजी, एक जागा, मग स्लॅश लावून बॅटरीरिपोर्ट, असं सगळं इंग्रजी अक्षरांत टाइप करा. एक फाईल तयार होते. त्यात "डिझाइन कपॅसिटी" आणि "फुल चार्ज कपॅसिटी" हे दोन आकडे असतात. दोन्ही इथे टाका.

कळण्याची_भाकरी · मंगळवार, दुपारी ३.१५

पहाटे साडेपाचला लॅपटॉपची पूजा. हळदीकुंकू पण वाहा. बाकी चालू द्या.

तापीकाठ · बुधवार, सकाळी ६.२०

पूजा झाली. साडेपाचला लावला, ओट्यावर, वारा होता, अंगावर घ्यायला गोधडी लागेल असं वाटत होतं (लागली नाही). सव्वासहाला चालू करून बघितलं. ९ टक्के होती, ९ च आहे. चार्जिंगचा दिवा पण पेटला नाही.

रिपोर्ट: डिझाइन ४२,००० च्या आसपास, फुल चार्ज २९,६००.

पुण्याचा_खान्देशी · बुधवार, सकाळी ८.४०

माझा अंदाज चुकला. ऊन बाद.

आकडे सांगतात की बॅटरी नवी होती त्याच्या सत्तर टक्के उरलीय. पाच वर्षांत एवढं होतंच. म्हातारी झालीय, पण जिवंत आहे. मेलेली असती तर लाईट गेल्यावर दोन मिनिटांत लॅपटॉप बंद पडला असता. तुमचा तर पळतो म्हणता. आता मलाही मदरबोर्डच वाटायला लागलाय, सॉरी ताई.

चिपलेव्हल · बुधवार, सकाळी १०.०५

धुळ्याहून. रिपेअरिंग करतो. धागा आत्ता वाचला. मदरबोर्ड म्हणायची घाई नको.

तीन प्रश्न.

१. चार्जर लॅपटॉपला लावल्यावर चार्जरच्या वायरीवरचा किंवा पेटीवरचा छोटा दिवा चालू राहतो का विझतो?
२. लाईटवर असताना टास्क मॅनेजर, परफॉर्मन्स, सीपीयू, तिथे "स्पीड" किती दिसतो?
३. सकाळी लॅपटॉप सुरू करताना विंडोजच्या आधी काळ्या स्क्रीनवर काही इंग्रजी येतं का?

तापीकाठ · बुधवार, सकाळी ११.३०

१. दिवा चालूच राहतो, पांढरा.

२. ०.७९ असं दिसतं. काहीही उघडलं तरी ०.७९ च.

३. हो! येतं. मुलगी सकाळी लॅपटॉप लावून देते, ती म्हणाली चार-पाच ओळी येतात, एफ१ दाबलं की जातात. "मी रोज दाबते की." किती दिवसांपासून विचारलं तर म्हणे, झाले की आठ-दहा दिवस. मी आत्ता मुद्दाम बंद करून परत चालू केला. लिहिलंय की एसी पॉवर ॲडॅप्टरचा टाइप ठरवता येत नाही, बॅटरी चार्ज होणार नाही, सिस्टीम कमी वेगाने चालेल. असं काहीसं.

सगळं तिथेच लिहिलेलं होतं का हो?

चिपलेव्हल · बुधवार, सकाळी ११.५०

होय. रोज सकाळी लॅपटॉप स्वतःच सांगत होता, एफ१ दाबून तुम्ही त्याला गप्प करत होता.

आता नीट समजावतो, कारण हे दुखणं महिन्यातून चार वेळा माझ्या टेबलावर येतं आणि चारपैकी तीनदा गिऱ्हाईक आधी कुठेतरी "मदरबोर्ड" ऐकून आलेलं असतं.

तुमच्या पिनेत तीन जोडण्या आहेत. बाहेरची भिंत म्हणजे मायनस. आतली भिंत म्हणजे प्लस, तिथे साडेएकोणीस व्होल्ट. मधली सुई करंट नेत नाही. ती ओळखीची आहे. चार्जरच्या आत एक इवलीशी मेमरी चिप असते, तिच्यात लिहिलेलं असतं की "मी या कंपनीचा, ६५ वॅटचा". लॅपटॉप त्या सुईतून हे वाचतो. ओळख पटली तर बॅटरी चार्ज करतो. नाही पटली तर तो विचार करतो, हा कोण परका, किती ताकदीचा माहीत नाही, याच्यावर जास्त ओझं नको. मग तो लॅपटॉपपुरता करंट घेतो, बॅटरी चार्जिंग बंद ठेवतो आणि प्रोसेसर दाबून ठेवतो. तुमचं ०.७९ ते हेच. लाईट गेल्यावर पळतो कारण तेव्हा तो बॅटरीवर असतो, बॅटरीची ओळख त्याला पक्की आहे.

दुकानदाराने मीटर लावला, १९ आले, चार्जर पास केला. मीटर खोटं बोलला नाही. पण मीटरने फक्त प्लस-मायनस बघितलं. मधली वायर तुटलीय की नाही हे त्यात दिसतच नाही.

आता मुख्य शक्यता दोन. एक, चार्जरच्या बाजूने मधली वायर तुटली. ती केसासारखी बारीक असते आणि पिनेच्या मानेपाशी तुटते. दोन, लॅपटॉपचा जॅक ढिला झालाय किंवा जॅकपासून बोर्डापर्यंतची वायर गेलीय. पहिलं जास्त वेळा.

चालू करताना एफ२ दाबून बायोसमध्ये (विंडोजच्या आधीच्या सेटिंगच्या पानांत) जा, बॅटरी इन्फॉर्मेशनचं पान उघडा. ॲडॅप्टरसमोर "अननोन" दिसेल. ते पान उघडं ठेवून पिनेजवळची वायर हळूहळू वाकवा, वर, खाली, पिळून. एका कोनात क्षणभर "६५ वॅट" आलं की समजा सापडलं. नाही आलं तरी निराश होऊ नका, वायर पूर्ण तुटली असेल. दुसरा चार्जर हीच खरी परीक्षा.

आणि एक कळकळीचं: मीटरचा प्रोब त्या मधल्या सुईला लावायला जाऊ नका. सुई आणि आतली भिंत प्रोबने जोडली गेली की साडेएकोणीस व्होल्ट थेट ओळखीच्या चिपमध्ये जातात आणि ती खलास. चांगले चार्जर असे मेलेले मी पाहिलेत. खोटं कशाला बोलू, शिकाऊ असताना एक मीच मारलाय.

जंक्शन · बुधवार, दुपारी १२.१०

वा! मी भिंतीतल्या सॉकेटमध्ये अडकून बसलो होतो. धागा वाचनखुणेत टाकला.

ताई, वायर गुंडाळता कशी?

तापीकाठ · बुधवार, दुपारी १२.२५

रोज संध्याकाळी. चार्जरच्या पेटीभोवती घट्ट, आणि शेवटी पिनेचं टोक त्या वेटोळ्यात खोचून देते, सुटू नये म्हणून.

आता लिहिताना समजतंय.

चिपलेव्हल · बुधवार, दुपारी १२.३०

पाच वर्षं रोज एकाच जागी काटकोन. वायर तरी काय करणार. पुढच्या वेळी सैल, हाताच्या पंजाभोवती, गुरांचं दावं गुंडाळतो तसं.

पुण्याचा_खान्देशी · बुधवार, दुपारी १.००

+१. आणि मी "मदरबोर्ड" बोललो होतो ते प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे) समजावं.

ओटा_पडवी · बुधवार, दुपारी ३.४०

सगळे जाणकार इथे जमलेत म्हणून विचारते. माझा लॅपटॉप चार्ज होतो व्यवस्थित. पण टचपॅड दाबलं जात नाही, कडक झालंय, आणि टेबलावर ठेवला की लॅपटॉप डुगडुगतो, पाय जसा वाकडा. वेगळा धागा काढू का?

चिपलेव्हल · बुधवार, दुपारी ३.४४

धागा नको. आधी चार्जर काढा, आत्ताच. लॅपटॉप बंद करा. बॅटरी फुगलीय. टचपॅड खालून ढकललं जातंय म्हणून कडक झालं, आणि तळ बाहेर आला म्हणून डुगडुगतो.

परत चार्ज करू नका. वरून दाबून बसवायचा प्रयत्न नको, टोचायचं तर अजिबात नाही. बॅटरी काढता येत नसेल तर लॅपटॉप तसाच फरशीवर ठेवा, गादी-गोधडी-पडद्यापासून लांब, उन्हापासून लांब, आणि उद्या दुरुस्तीवाल्याकडे न्या, फोन करून आधी सांगा की फुगलीय. जुनी बॅटरी कचऱ्याच्या गाडीत टाकू नका, गाडीत दाबली गेली की पेट घेते. ई-कचरा घेणाऱ्याकडेच द्यायची.

ओटा_पडवी · बुधवार, दुपारी ३.५८

बापरे. काढला. गादीवरच होता.

कळण्याची_भाकरी · बुधवार, सायंकाळी ५.२०

मी पण एक शहाणा प्रश्न विचारतो. माझ्या लॅपटॉपला टाइप-सी आहे. मोबाईलचा चार्जर ६७ वॅटचा आहे, लॅपटॉपचा ६५ चा. मोबाईलचा लावला तर "स्लो चार्जर" म्हणतो. ६७ मोठे का ६५ मोठे?

पुण्याचा_खान्देशी · बुधवार, सायंकाळी ५.४५

शाब्बास, पहिल्यांदा बरा प्रश्न.

टाइप-सीमध्येही ओळख असतेच, फक्त सुईऐवजी दोन्ही बाजूंची बोलाचाली होते. लॅपटॉप विचारतो, २० व्होल्ट देतोस का? चार्जर म्हणतो, माझ्याकडे ५, ९, १५, २० आहेत, हवं ते घे. हा "पॉवर डिलिव्हरी"चा सगळ्यांनी मान्य केलेला व्यवहार. पण बऱ्याच मोबाईल कंपन्यांचा जोरदार वेग त्यांच्या स्वतःच्या पद्धतीचा असतो, फक्त त्यांच्याच फोनशी आणि त्यांच्याच केबलने. लॅपटॉपने विचारलं की तो चार्जर ५ किंवा ९ व्होल्टवरच थांबतो. चार्जरच्या पाठीवरचं बारीक अक्षर वाच. आउटपुटमध्ये "२० व्होल्ट, ३.२५ अँपिअर" अशी ओळ असेल तर लॅपटॉपला चालेल. नसेल तर ६७ काय, १२० वॅटचाही उपयोग नाही.

केबलचं पण आहे. साधी टाइप-सी केबल ३ अँपिअरपर्यंत, म्हणजे २० व्होल्टला ६० वॅट. त्याच्या वर ५ अँपिअरची, आत चिप असलेली केबल लागते.

कळण्याची_भाकरी · बुधवार, सायंकाळी ५.५०

पाठीवर ५, ९, ११. वीस नाही. म्हणजे आमच्या चार्जरचं लग्न आधीच लागलंय.

तापीकाठ · बुधवार, रात्री ९.१५

फैजपूरला इंजिनिअरिंगला असलेला भाचा संध्याकाळी त्याचा चार्जर घेऊन आला. त्याच कंपनीचा, पण ९० वॅटचा. माझा ६५ चा. लावू का? जळणार तर नाही?

बायोसमध्ये माझा चार्जर "अननोन"च दाखवतो. वायर सगळीकडे वाकवली, काही नाही.

चिपलेव्हल · बुधवार, रात्री ९.१८

लावा. व्होल्ट सारखे हवेत आणि पिन सारखी. वॅट जास्त असले तर चालतं, लॅपटॉप त्याला लागेल तेवढंच ओढतो. मोठ्या हंड्यातून पेला भरून घेतला म्हणून पेला फुटत नाही. उलटं मात्र नाही, ९० च्या जागी ४५ लावला की कुरकुर.

तापीकाठ · बुधवार, रात्री ९.३१

काळ्या स्क्रीनवर काहीही आलं नाही. सरळ विंडोज उघडलं. बायोसमध्ये "९० वॅट". आणि बाजूचा तो छोटा दिवा पेटला! ९ टक्के. १० टक्के. आम्ही तिघं बॅटरीच्या चित्राकडे असे बघतोय जसं क्रिकेटची शेवटची ओव्हर. भाचा म्हणतो मावशी, डोळे मिचकाव मध्ये.

स्पीड २.४ दाखवतो.

जंक्शन · बुधवार, रात्री ९.३५

मदरबोर्ड जिवंत! नऊ हजार वाचले. भरीत पार्टी लागू झाली तुमच्यावर. बामणोदची वांगी आता मिळणार नाहीत, तेव्हा हिवाळ्याची तारीख धरतो.

तापीकाठ · बुधवार, रात्री ९.४८

नक्की काका, कळण्याच्या भाकरीसकट (तू नाहीस, खरी भाकरी).

आता नवा घेताना काय बघू? ऑनलाइन साडेपाचशेलाही दिसतो आणि अडीच हजारालाही.

चिपलेव्हल · बुधवार, रात्री १०.१०

साडेपाचशेचा घेतलात तर परत इथे याल. त्यातल्या बऱ्याच चार्जरांत मधली सुई असते, पण तिच्यामागे ओळखीची चिप नसते. शोभेची सुई. मग लॅपटॉप परत तेच म्हणणार, हा कोण. काहींत चिप असते पण आतला माल हलका, उन्हाळ्यात पेटी हाताला चटका देते.

मूळ कंपनीचा घ्या, किंवा निदान पाठीवर बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) खूण असलेला: "आयएस १३२५२" आणि त्याच्याजवळ "आर-" ने सुरू होणारा नंबर. आउटपुट १९.५ व्होल्ट, ३.३४ अँपिअर, गुणाकार केला की ६५. विकणाऱ्याला सांगा, तुमच्यासमोर लॅपटॉप लावून बायोसमध्ये "६५ वॅट" दाखव, मगच पैसे. म्हणजे लॅपटॉप बरोबर घेऊन जा, नुसती पिन दाखवून आणू नका. जळगावला जाणार असाल तर गोलाणी मार्केटमध्ये चार ठिकाणी विचारा, पहिल्याच दुकानात पाकीट काढू नका.

जुना फेकू नका. नुसती वायर पिनेसकट बदलून मिळते, तीनशे-साडेतीनशेत काम होतं. चिप पेटीत असते, तिला काही झालेलं नसावं. घरी एक, दुकानात एक.

सातपुडा_पायथा · गुरुवार, सकाळी ६.५०

हे "लॅपटॉप बरोबर न्या" फार महत्त्वाचं. मी गेल्या वर्षी नुसत्या पिनेच्या मापाने चार्जर आणला होता. पिन बसली, लॅपटॉप बसला नाही.

तापीकाठ · शनिवार, सायंकाळी ६.४०

अपडेट देते. काल जळगावला गेले. तिसऱ्या दुकानात समोर लावून दाखवला, "६५ वॅट" आलं, १,६५० दिले. पहिल्या दुकानात बायोस दाखवा म्हटल्यावर तो म्हणाला, "ताई, तुम्ही कंप्युटरवाल्या का?" दुसऱ्याने तर "त्याची गरज नसते" म्हणून चार्जर परत खोक्यात ठेवला. तिथून लगेच निघाले.

आज दुकानात साडेतीनला लाईट गेली ती सव्वापाचला आली. मी सात फॉर्म भरले. ८८ वरून ४१ वर आली होती, आता परत ७३.

जुना चार्जर धुळ्याला एसटीत पाठवू का भाऊ? की इथेच कुणाकडून करून घेऊ?

चिपलेव्हल · शनिवार, सायंकाळी ७.०२

इथवर कशाला. सोल्डरिंग चांगलं असलेला कुणीही करेल, मोबाईलवाला सुद्धा. फक्त त्याला बजावा की तीनही जोडायच्या, मधली सोडून द्यायची नाही. "दोनच लागतात" म्हणाला तर चार्जर उचलून परत या.

कळण्याची_भाकरी · शनिवार, सायंकाळी ७.१५

बठ्ठं रामायण झालं. आन् मी सोमवारीच सांगेल व्हतं, नवा चार्जर ली टाका!

तापीकाठ · शनिवार, सायंकाळी ७.२०

तुला भरीत नाही.